वेब प्रोग्रामिंगमधील त्रुटिसंदेश व इशाऱ्यांची हाताळणी

वेब प्रोग्रामिंगमधील त्रुटिसंदेश व इशाऱ्यांची हाताळणी म्हणजे संकेतस्थळ चालू असताना उद्भवणाऱ्या अडचणी ओळखणे, त्यांची नोंद ठेवणे, शक्य असेल तेथे काम पुढे चालू ठेवणे आणि वापरकर्त्यास आवश्यक तेवढी माहिती समजेल अशा भाषेत कळवणे होय. संगणकशास्त्रात हा विषय प्रोग्रामिंग भाषांच्या अभ्यासाचा भाग मानला जातो; परंतु निकाल, सातबारा, पीक पाहणी, शिष्यवृत्ती, दाखले अशी कामे ऑनलाइन झाल्यापासून त्याचा संबंध सामान्य नागरिकाच्या हक्कांशीही येऊ लागला आहे. अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा शेतकऱ्याला शासनाकडून मिळणारे पहिले उत्तर पुष्कळदा अधिकाऱ्याचे नसून संगणकाच्या पडद्यावरील एका ओळीचे असते.

संज्ञा

काम पुढे जाऊच शकत नाही अशा स्थितीस त्रुटी म्हणतात. काम पुढे जाऊ शकते, परंतु काही तरी संशयास्पद आहे, असे सांगणारा संदेश म्हणजे इशारा. ज्या घटनेमुळे आज्ञावलीचा नेहमीचा क्रम मोडून नियंत्रण दुसरीकडे सोपवावे लागते तिला अपवाद अशी संज्ञा आहे. जो भाग अपवाद निर्माण करतो तो तिला ‘फेकतो’ आणि जो भाग तिची दखल घेतो तो तिला ‘झेलतो’, अशी भाषा प्रोग्रामर वापरतात.

त्रुटी व इशारा यांतील फरक महाराष्ट्रातील एका परिचित उदाहरणावरून स्पष्ट होतो. राज्यात ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ई-पीक पाहणी उपक्रमात शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र व स्थान नोंदवतो. २०२२ मधील दुसऱ्या आवृत्तीत छायाचित्र घेताना शेतकरी संबंधित गटापासून दूर असेल, तर तसा संदेश दाखवण्याची सोय करण्यात आली. येथे संदेश सावध करतो. मोबाइलमधील स्थाननिश्चिती काही मीटर इकडेतिकडे होऊ शकते हे लक्षात घेता अशा ठिकाणी इशारा हाच योग्य प्रकार ठरतो. सरसकट त्रुटी दाखवून नोंद अडवली असती तर स्वतःच्या बांधावर उभा असलेला शेतकरीही खोटा ठरला असता. त्याच आवृत्तीत केलेली नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करण्याची मुभाही देण्यात आली. चूक झाल्यावर संदेश दाखवण्यापेक्षा चूक सुधारण्याची वाट ठेवणे अधिक उपयोगी असते, हे तत्त्व त्यामागे आहे.

इतिहास

आरंभीच्या प्रोग्रामिंग भाषांत प्रत्येक कृतीनंतर एक अंक परत येत असे आणि तो शून्य आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी प्रोग्रामरवर असे. ती तपासणी विसरली की चूक तशीच पुढे जाई. १९६० च्या दशकातील पीएल/वन या भाषेने विशिष्ट परिस्थिती उद्भवल्यास काय करावे हे आधीच सांगून ठेवण्याची सोय दिली. १९७५ मध्ये जॉन गुडइनफ यांनी अपवाद हाताळणीची पद्धतशीर मांडणी करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच दशकात बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू या भाषेत ही कल्पना प्रत्यक्षात आली. सी प्लस प्लस, जावा, पायथन या भाषांनी ती पुढे नेली. वेबच्या क्षेत्रात जावास्क्रिप्टला अपवाद झेलण्याची सोय १९९९ मधील ईसीएमएस्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तीत आणि पीएचपीला २००४ मधील पाचव्या आवृत्तीत मिळाली. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो या भाषेने मात्र त्रुटी हे एक साधे मूल्य मानून परत करण्याची जुनी रीत जाणीवपूर्वक स्वीकारली. यांतील कोणती पद्धत श्रेष्ठ, हा वाद अद्याप संपलेला नाही.

एचटीटीपी स्थितिसंकेत

ब्राउझरने मागितलेल्या पानाचे काय झाले हे सर्व्हर तीन अंकी संकेताने कळवतो. २०० ते २९९ हे संकेत काम झाल्याचे, ३०० ते ३९९ दुसरीकडे जाण्याचे, ४०० ते ४९९ मागणाऱ्याच्या बाजूची अडचण असल्याचे आणि ५०० ते ५९९ सर्व्हरच्या बाजूची अडचण असल्याचे दर्शवतात. १९९१ मधील पहिल्या, अगदी साध्या एचटीटीपीमध्ये असे संकेत नव्हते. १९९६ मधील १.० आवृत्तीच्या दस्तऐवजात ते आले, आणि त्यांचे सध्याचे अधिकृत विवेचन जून २०२२ मधील ‘आरएफसी ९११०’ या दस्तऐवजात आहे. सर्वांत प्रसिद्ध असलेला ४०४ हा संकेत पान न सापडल्याचा आहे. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेतील ४०४ क्रमांकाच्या खोलीवरून तो आला, ही कथा सर्वत्र सांगितली जात असली तरी ती निराधार आहे. १ एप्रिल १९९८ रोजी विनोदाने प्रसिद्ध झालेला ‘मी चहाची किटली आहे’ या अर्थाचा ४१८ हा संकेत मात्र खरोखर अस्तित्वात आहे.

चारशे व पाचशे या दोन गटांतील भेद हा या व्यवस्थेचा गाभा होय. ‘तुमच्या मागणीत दोष आहे’ आणि ‘आमच्या यंत्रात दोष आहे’ ही दोन अगदी निरनिराळी विधाने आहेत. पहिल्यात वापरकर्त्याने काही बदलले तर उपयोग होतो. दुसऱ्यात त्याने काहीही बदलले तरी उपयोग नसतो. त्याने केवळ थांबायचे असते. निष्काळजीपणे लिहिलेली संकेतस्थळे हा भेद पुसून टाकतात. डेटाबेस बंद पडल्यावर ‘आपण भरलेली माहिती चुकीची आहे’ असा संदेश दाखवणाऱ्या संकेतस्थळामुळे अर्जदार आपला बरोबर असलेला क्रमांक पुन्हा पुन्हा बदलून पाहतो. याच्या उलट प्रकारही आढळतो: पान नसताना, किंवा काम फसलेले असताना, सर्व्हर २०० हा यशाचा संकेत पाठवतो आणि मजकुरात तेवढे ‘क्षमस्व’ लिहितो. मनुष्य ते वाचतो, पण शोधयंत्रे व इतर संगणक प्रणाली ते यशच समजतात.

५०३ हा संकेत सेवा तात्पुरती उपलब्ध नसल्याचा आहे. त्यासोबत ‘किती वेळाने पुन्हा यावे’ हे सांगणारी एक ओळ पाठवता येते. ही ओळ फार कमी ठिकाणी वापरली जाते, ही खेदाची बाब आहे. ५०४ म्हणजे मध्यस्थ सर्व्हरला मूळ सर्व्हरकडून वेळेत उत्तर मिळाले नाही. यातील गोम अशी की काम झाले की नाही हे मध्यस्थालाही ठाऊक नसते. अर्ज कदाचित जमा झालेला असतो, कदाचित नसतो. अशा वेळी ‘अर्ज जमा झाला नाही’ असे लिहिणे हे असत्य कथन ठरू शकते.

परीक्षा शुल्क किंवा अर्जाचे शुल्क भरताना हीच अनिश्चितता पैशाच्या रूपाने समोर येते. खात्यातून रक्कम वजा होते, पावती मात्र दिसत नाही, आणि घाबरलेला अर्जदार पुन्हा रक्कम भरतो. चांगल्या प्रणालीत रक्कम मागण्यापूर्वीच अर्जाला स्वतंत्र क्रमांक दिला जातो व त्या क्रमांकावर दुसऱ्यांदा रक्कम स्वीकारली जात नाही. संदेशही ‘पुन्हा रक्कम भरू नये, या क्रमांकावर आधी स्थिती पाहावी’ असा असतो. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ मधील परिपत्रकानुसार, ऑनलाइन खरेदीत खात्यातून रक्कम वजा होऊन विक्रेत्याकडे ती पोहोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती परत करणे आवश्यक आहे, आणि त्यापुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. ही माहिती त्रुटिसंदेशातच दिली तर कितीतरी लोकांची धावपळ वाचेल.

प्रोग्रामिंग भाषांतील हाताळणी

पीएचपी या भाषेत संदेशांच्या पायऱ्या आहेत. किरकोळ बाबींसाठी नोटिस, अधिक गंभीर बाबींसाठी वॉर्निंग, काम थांबवणाऱ्या दोषासाठी फेटल एरर, आणि पुढील आवृत्तीत काढून टाकल्या जाणाऱ्या सोयींसाठी डेप्रिकेटेड. डिसेंबर २०१५ मधील सातव्या आवृत्तीपासून बहुतेक फेटल एरर अपवादांप्रमाणे झेलता येतात. नोव्हेंबर २०२० मधील आठव्या आवृत्तीने पूर्वीची सैलता बरीच कमी केली: व्याख्या न केलेले चल वापरल्यास पूर्वी नोटिस मिळे, आता वॉर्निंग मिळते, शून्याने भागाकार केल्यास पूर्वी वॉर्निंग मिळे, आता अपवाद फेकला जातो. त्यामुळे वर्षानुवर्षे इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करून चाललेली अनेक जुनी संकेतस्थळे नवीन आवृत्तीवर नेताच बंद पडली. या भाषेत एखाद्या ओळीपुढे विशिष्ट चिन्ह लिहून तिचे इशारे गप्प करता येतात. ती सोय म्हणजे घरातील धुराची घंटा वाजते म्हणून तिची तार तोडण्यासारखे आहे.

पीएचपीतील एक जुना इशारा मराठी संकेतस्थळे बनवणाऱ्यांच्या विशेष परिचयाचा आहे. ‘हेडर्स आधीच पाठवले गेले आहेत’ अशा अर्थाचा हा संदेश येतो आणि त्यात दाखवलेल्या ओळीत काहीच चूक दिसत नाही. आज्ञावलीत मराठी मजकूर घालण्यासाठी फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ स्वरूपात जतन केली की नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्या फाइलच्या अगदी आरंभी तीन अदृश्य बाइट घालत. ते बाइट ब्राउझरकडे सर्वांत आधी जात आणि त्यानंतर कुकी किंवा पुनर्निर्देशन पाठवणे अशक्य होई. दोष डोळ्यांना न दिसणारा आणि संदेश मात्र भलत्याच ओळीचा, असा हा प्रकार होता.

जावास्क्रिप्टमधील अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. ब्राउझरमधून सर्व्हरशी बोलण्यासाठी वापरली जाणारी ‘फेच’ ही सोय सर्व्हरने ४०४ किंवा ५०० असे उत्तर दिले तरी त्यास त्रुटी मानत नाही. जोडणीच झाली नाही तरच ती अपवाद निर्माण करते. उत्तर आले याचा अर्थ होकार आला असा नव्हे, हे नवशिक्या प्रोग्रामरच्या लक्षात येत नाही, आणि सर्व्हरने अर्ज नाकारलेला असतानाही पडद्यावर ‘अर्ज यशस्वीरीत्या जमा झाला’ असे झळकते. सर्व प्रकारच्या सदोष संदेशांत हा सर्वांत घातक होय. त्रुटी दिसली तर अर्जदार पुन्हा प्रयत्न करतो. खोट्या यशानंतर तो निर्धास्त राहतो आणि मुदत उलटून जाते.

डेटाबेसच्या पातळीवरही इशारा आणि त्रुटी यांतील निवड महत्त्वाची ठरते. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत रकान्यात मावणार नाही एवढा मजकूर आला तर तो कापून साठवला जाई व केवळ इशारा दिला जाई, जो बहुधा कोणी वाचत नसे. २०१५ मधील ५.७ या आवृत्तीपासून अशा वेळी मूळ रचनेतच त्रुटी देऊन नोंद थांबवली जाते. अर्धवट कापलेले नाव साठवण्यापेक्षा नोंद थांबणे बरे, असा त्यामागील विचार आहे.

दोन वाचक

प्रत्येक त्रुटीचे किमान दोन वाचक असतात. प्रोग्रामरला फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक, फलनांची साखळी, वेळ, मागणीचे तपशील हे सर्व हवे असते. वापरकर्त्याला तीन गोष्टी हव्या असतात: काय झाले, माझी माहिती सुरक्षित आहे का, आणि आता मी काय करावे. एकाच मजकुराने दोघांचेही समाधान करण्याचा प्रयत्न केला तर दोघांचीही निराशा होते.

म्हणून विकासाच्या काळात सर्व इशारे पडद्यावर दाखवावेत आणि संकेतस्थळ जनतेसाठी खुले करताना ते पडद्यावर दाखवणे बंद करून लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहावेत असा संकेत आहे. पीएचपीत ‘डिस्प्ले एरर्स’ व ‘लॉग एरर्स’ या दोन स्वतंत्र कळा त्यासाठीच आहेत. जँगो व लाराव्हेल या चौकटींत ‘डीबग’ ही कळ आहे. दाखवणे बंद करणे आणि नोंदवणे बंद करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे विसरून अनेक ठिकाणी दोन्ही बंद केल्या जातात. मग संकेतस्थळ पांढरे पान दाखवते आणि त्याचे कारण कोणालाच सापडत नाही. पडदा व नोंदवही यांना जोडणारा दुवा म्हणजे संदर्भ क्रमांक. वापरकर्त्यास ‘तांत्रिक अडचण आली आहे, संदर्भ क्रमांक अमुक’ एवढेच दिसते. तोच क्रमांक नोंदवहीत संपूर्ण तपशिलासह असतो. दूरध्वनीवरून तक्रार करणाऱ्याने तो सांगितला की शोध काही क्षणांत लागतो.

सुरक्षेच्या दृष्टीनेही ही विभागणी आवश्यक आहे. डेटाबेसच्या त्रुटीचा कच्चा मजकूर पडद्यावर आला तर रकान्यांची नावे, सर्व्हरवरील फाइलींचे मार्ग, कधी कधी संकेतशब्दही परक्याच्या हाती लागतात. २०२१ च्या आरंभी लाराव्हेलसोबत वापरल्या जाणाऱ्या इग्निशन या त्रुटिदर्शक साधनात असा दोष उघड झाला, की डीबगची कळ चालू राहिलेल्या संकेतस्थळावर परक्यास आपली आज्ञावली चालवता येत होती. प्रवेशाच्या पानावर ‘या नावाचा वापरकर्ता नाही’ आणि ‘संकेतशब्द चुकला’ असे दोन वेगळे संदेश दाखवू नयेत, हा नियमही याच कारणाने आला. वेगळ्या संदेशांवरून कोणाचे खाते आहे हे ताडता येते. येथे स्पष्टता व सुरक्षा यांचा खरोखरच विरोध आहे, आणि तो शब्दचातुर्याने मिटत नाही.

नोंदवहीचीही शिस्त आहे. भारतात सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार सेवापुरवठादार, मध्यस्थ, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. मात्र त्या नोंदींत आधार क्रमांक, ओटीपी किंवा संकेतशब्द उघड्या स्वरूपात लिहिले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

देवनागरी मजकूर आणि अर्जांची तपासणी

अर्जातील माहिती नियमांत बसते की नाही हे पाहण्यास प्रमाणीकरण म्हणतात. मराठी वापरकर्त्यांना दिसणारे कितीतरी त्रुटिसंदेश याच टप्प्यावर निर्माण होतात, आणि पुष्कळदा चूक अर्जदाराची नसून नियमाची असते.

परंडा (जि. धाराशिव) या गावाचे नाव उदाहरण म्हणून घेता येईल. वाचणाऱ्यास त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र प, र, अनुस्वार, ड आणि काना अशी पाच चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हास तीन याप्रमाणे पंधरा बाइट लागतात. ‘धाराशिव’ या चार अक्षरी नावास सात चिन्हे व २१ बाइट लागतात. २० बाइटांची मर्यादा घातलेल्या रकान्यात ते मावत नाही; ओरॅकलमध्ये मूळ रचनेनुसार मजकुराची मर्यादा बाइटांत मोजली जात असल्याने असा अनुभव येतो. चार अक्षरांचे नाव लिहिणाऱ्यास ‘नाव २० अक्षरांपेक्षा मोठे आहे’ असा संदेश दिसला, तर त्याने त्यातून काय समजावे?

दुसरी अडचण वर्गवारीची. नावात केवळ अक्षरे असावीत, असा नियम प्रोग्रामर लिहितो. युनिकोडमध्ये अनुस्वार, काना, मात्रा व हलन्त हे ‘अक्षर’ या वर्गात नसून ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात मोडतात. त्यामुळे ‘परंडा’ हे नाव ‘नावात केवळ अक्षरे लिहा’ असे सांगून नाकारले जाते. ‘कमल’ स्वीकारले जाते आणि ‘कमला’ नाकारले जाते, असा विचित्र निकाल लागतो.

तिसरी अडचण अंकांची आहे. मराठी कळफलकावरून १२३ असे टंकलेले अंक पायथनची तिसरी आवृत्ती संख्या म्हणून स्वीकारते. जावास्क्रिप्ट ते संख्या मानत नाही, आणि पीएचपीत त्यांचे सक्तीने रूपांतर केल्यास शून्य मिळते. देवनागरीत लिहिलेला बरोबर मोबाइल क्रमांक ‘अवैध’ ठरतो. यावरचा उपाय सोपा आहे: तपासणीपूर्वी देवनागरी अंकांचे आंतरराष्ट्रीय अंकांत रूपांतर करावे. तो न करता वापरकर्त्यास ‘इंग्रजी अंक लिहा’ असे सांगणे म्हणजे यंत्राचे काम माणसावर ढकलणे होय.

चौथी अडचण सर्वांत फसवी आहे. ‘वऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह व हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकास ती दोन निरनिराळी नावे वाटतात आणि युनिकोडचे प्रमाणित एकरूपीकरणही त्यांना जुळवत नाही. ‘आधारवरील नाव व अर्जातील नाव जुळत नाही’ असा संदेश वाचून अर्जदार दोन्ही नावे समोर ठेवतो. त्यांत कोणताही फरक त्याला दिसत नाही. यासोबत लेखनातील पर्याय आहेतच. परंडा व परांडा ही दोन्ही रूपे प्रचारात आहेत, आणि २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाल्यानंतर जुन्या दाखल्यांवर एक व नव्या यादीत दुसरे नाव, अशी स्थिती स्वाभाविकच आली. तंतोतंत जुळणी मागणाऱ्या आज्ञावलीला हे सर्व ‘विसंगती’ म्हणून दिसते.

महाराष्ट्रातील अनुभव

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीचा निकाल जाहीर केला. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी परीक्षा झाली नव्हती व अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावण्यात आला होता. उत्तीर्णांचे प्रमाण ९९.९५ टक्के होते. सुमारे १५ लाख ७५ हजार विद्यार्थ्यांचा हा निकाल पाहण्यासाठी एकाच वेळी झालेल्या गर्दीमुळे निकालाची संकेतस्थळे अनेक तास उघडली नाहीत. निकाल तयार होता, तो बदलणार नव्हता, आणि जवळजवळ सर्वच विद्यार्थी उत्तीर्ण होते. तरीही पान न उघडल्याने राज्यभर घालमेल झाली. त्याच महिन्यात अकरावी प्रवेशाच्या सामाईक परीक्षेच्या नोंदणीचे संकेतस्थळही तांत्रिक कारणाने काही दिवस बंद ठेवावे लागले.

अशा प्रसंगी पानांची साठवलेली प्रत अनेक ठिकाणांहून देणे, रांगेची व्यवस्था करणे हे उपाय अभियांत्रिकीचे आहेत. त्रुटिसंदेशाचे काम मर्यादित, पण महत्त्वाचे आहे. सर्व्हर कोसळलेला असतानाही दाखवता येईल असे एक साधे, डेटाबेसवर अवलंबून नसलेले पान आधीच तयार ठेवावे लागते. त्यात निकाल सुरक्षित असून उशिरा पाहिल्याने काही नुकसान नाही एवढे लिहिलेले असले, तरी लातूर विभागातल्या एखाद्या खेड्यातून वारंवार पान ताजे करणाऱ्या विद्यार्थ्याचा जीव भांड्यात पडतो, आणि वारंवार येणाऱ्या मागण्या घटल्याने सर्व्हरवरील भारही हलका होतो.

शेतकरी कर्जमाफीच्या २०१७ मधील छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत अर्ज ऑनलाइन मागवण्यात आले होते. त्यांची मुदत सप्टेंबरमध्ये वाढवावी लागली, आणि पुढे अर्जांतील व बँकांच्या याद्यांतील माहिती जुळवताना विसंगती आढळून रक्कम जमा होण्यास विलंब झाला. आधार, बँक खाते व सातबारा या तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले नाव हा ग्रामीण महाराष्ट्रातील नित्याचा प्रकार आहे.

परंडा, भूम, करमाळा यांसारख्या तालुक्यांत असे अर्ज अनेक जण स्वतः न भरता आपले सरकार सेवा केंद्रात किंवा नेट कॅफेत भरून घेतात. त्यामुळे त्रुटिसंदेशास तिसरा वाचकही असतो: केंद्रचालक. तो संदेश वाचतो आणि अर्जदारास त्याचा अर्थ सांगतो. संदेश मोघम असला की हा अर्थ एकाच वाक्यात येतो, ‘सर्व्हर डाऊन आहे’. ओटीपी आला नाही, नाव जुळले नाही, मुदत संपली, छायाचित्राचा आकार मोठा झाला, या सर्वांना मराठी बोलीत आता हाच एक शब्दप्रयोग लागू होतो. उद्या या, असे सांगितले जाते; वास्तविक छायाचित्र लहान केले असते तर काम त्याच दिवशी झाले असते.

याला कायद्याची एक बाजू आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवेसाठीचा अर्ज नामंजूर करताना अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवणे व अपिलाविषयी अर्जदारास कळवणे आवश्यक आहे. परंतु अर्ज जमा होण्यापूर्वीच आज्ञावलीने तो अडवला, तर कायद्याच्या दृष्टीने अर्जच झालेला नसतो. त्याला क्रमांक नाही, नामंजुरीचे पत्र नाही आणि अपिलास आधार नाही. प्रमाणीकरणाचा सदोष नियम अशा रीतीने कोणाच्याही सहीविना नकार देतो. म्हणून शासकीय संकेतस्थळांवर अडवलेल्या प्रयत्नांचीही दिनांक, वेळ व कारणासह नोंद ठेवून तिचा क्रमांक अर्जदारास देणे उचित ठरते. प्रोग्रामरसाठी हे काम काही ओळींचे आहे.

सुगम्यतेचे निकष

वेब आशयाच्या सुगम्यतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार चूक कोणत्या रकान्यात आहे हे मजकुराने सांगणे आवश्यक आहे. केवळ रकाना लाल करणे पुरेसे नाही, कारण रंगांधळ्या व दृष्टिहीन व्यक्तींना त्याचा उपयोग होत नाही. दुरुस्ती कशी करावी हे माहीत असल्यास ते सुचवावे, आणि कायदेशीर वा आर्थिक परिणाम असलेल्या अर्जांत माहिती तपासण्याची, सुधारण्याची किंवा मागे घेण्याची संधी द्यावी, असेही त्यांत सांगितले आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक तत्त्वांत, ज्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, या निकषांचा समावेश आहे.

मराठी संदेशांची रचना

पुष्कळ संकेतस्थळांवर पान मराठीत व त्रुटिसंदेश इंग्रजीत असतो, कारण भाषांतर करणाऱ्यापर्यंत संदेशांची यादी पोहोचतच नाही. लसीकरणाच्या कोविन संकेतस्थळावर मराठीसह अनेक भारतीय भाषा जून २०२१ मध्ये उपलब्ध झाल्या. नोंदणी त्याच्या काही महिने आधीच सुरू झाली होती.

मराठी संदेशांत व्याकरणाचा प्रश्न येतो. इंग्रजीत वाक्याच्या साच्यात कोणतेही नाम घातले तरी चालते. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. गावाच्या नावापुढे ‘ची नोंद आढळली नाही’ असा साचा केला तर ‘बार्शीची नोंद’ बरोबर येते, पण ‘परंडाची’ व ‘पुणेची’ अशी अशुद्ध रूपे तयार होतात. हवे असते ‘परंड्याची’ व ‘पुण्याची’. यासाठी ‘परंडा या गावाची नोंद आढळली नाही’ अशी रचना करतात, ज्यात प्रत्यय ‘गाव’ या स्थिर शब्दास लागतो. वचनाचाही विचार करावा लागतो: एक चूक ‘आढळली’, तीन चुका ‘आढळल्या’. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो तिच्या संदेशांत वचन व लिंग यांनुसार वाक्य बदलण्याची सोय आहे, आणि त्या संदेशांचे मराठी भाषांतर ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात.

शब्दांच्या निवडीत ‘अवैध’ हा शब्द सर्वाधिक खटकतो. मराठीत त्यास बेकायदेशीर अशी छटा आहे; पिनकोडमध्ये एक अंक कमी पडला तर तो अवैध नसून अपुरा असतो. ‘पिनकोड ६ अंकी हवा, आपण ५ अंक लिहिले आहेत’ हे वाक्य लांब असले तरी त्यातून दुरुस्ती कळते. ‘सूचना’ या शब्दाचाही घोटाळा आहे, कारण तो माहिती, आदेश व इशारा या तिन्ही अर्थांनी वापरला जातो. म्हणून वॉर्निंगसाठी ‘इशारा’ हाच शब्द नेमका ठरतो. ‘त्रुटी’ हा शब्द सुटा लिहिताना दीर्घान्त आणि समासात पूर्वपदी असताना ऱ्हस्वान्त लिहितात, म्हणून ‘त्रुटिसंदेश’ हे रूप शुद्ध आहे. संकेतस्थळांवर मात्र ‘त्रुटी संदेश’ असे दोन सुटे शब्दच अधिक आढळतात.